वाटी, पायली आणि डेग : पाहुणचाराच्या जुन्या पुस्तकांतील माप

पाककृतींचे जुने पुस्तक हाती आले की वाचकाचे लक्ष प्रथम पदार्थांच्या नावांकडे जाते. परंतु त्या पुस्तकातील सर्वांत बोलका भाग बहुधा मापांचा असतो. पीठ तोळ्यांत मोजले आहे की शेरांत, वाटीत की पायलीत, आणि पदार्थ किती माणसांना पुरेल हे लेखकाने सांगितले आहे की गृहीत धरले आहे, यांवरून यजमान कोण होता, पाहुणे किती येणार होते आणि पंगतीत कोणाला जागा होती हे जितके कळते तितके पदार्थांच्या वर्णनावरून कळत नाही. घरी किंवा वाड्यात पाहुण्यांचा सत्कार कसा करावा हे शिकविणाऱ्या पुस्तकांची परंपरा महाराष्ट्रात आणि दख्खनेत जुनी आहे, आणि बीड जिल्ह्यासारख्या प्रदेशातून ती पाहिली म्हणजे तिच्यातील मापाचा प्रश्न अधिक ठळक होतो. कारण या जिल्ह्यातील पाहुणचाराचे ज्ञान पुष्कळ समृद्ध असूनही ते छापील पुस्तकात फार थोडे उतरले आहे.

या परंपरेचा एक महत्त्वाचा आरंभबिंदू बीडपासून फार दूर नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, आणि त्या काळी आजच्या बीड जिल्ह्याचा प्रदेश याच राज्यात मोडत होता. ग्रंथाचे पाच भाग असून प्रत्येकात वीस अध्याय आहेत, म्हणून त्या भागांना ‘विंशति’ म्हटले आहे. राज्य मिळविणे आणि ते टिकविणे हे पहिल्या दोन विंशतींचे विषय झाल्यावर तिसरीत राजाच्या उपभोगांचे वर्णन येते, आणि त्यातच ‘अन्नभोग’ व ‘पानीयभोग’ हे अध्याय आहेत. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने गजानन श्रीगोंदेकर यांच्या संपादनाखाली या ग्रंथाचा पहिला खंड १९२५ मध्ये प्रसिद्ध केला आणि शेवटचा खंड १९६१ मध्ये बाहेर पडला, त्यामुळे आठशे वर्षांपूर्वीचे हे राजभोजन आधुनिक अभ्यासकांसमोर आले.

अन्नभोगातील अनेक पदार्थ मराठी वाचकाला ओळखीचे वाटतात. ‘मंडक’ म्हणजे आजचे मांडे : कणकेचा गोळा हातावर पसरवून अत्यंत पातळ करावा आणि तापलेल्या खापरावर टाकून भाजावा, ही कृती आजही मांडे करणाऱ्या बायकांना सांगावी लागणार नाही. हरभऱ्याची डाळ आणि गूळ यांचे सारण भरून केलेली ‘वेष्टिका’ पुरणपोळीचे पूर्वरूप मानली जाते. ‘शिखरिणी’तून श्रीखंड, ‘पर्पटा’तून पापड आणि ‘घारिके’तून घारगे ओळखू येतात, तर ‘इडरिका’ आणि ‘धोसक’ या नावांतून दक्षिणेकडील इडली-डोशाची चाहूल लागते. याच अध्यायात भाजलेल्या रानडुकराची आणि इतर अनेक प्राण्यांच्या मांसाची सविस्तर वर्णने आहेत, हे मुद्दाम सांगणे आवश्यक आहे; कारण महाराष्ट्राच्या भोजनपरंपरेचा इतिहास लिहिताना पुढच्या काळात मांडे आणि शिखरिणी तेवढी उचलून उरलेले बाजूला ठेवण्याची सवय लागली, आणि ती ग्रंथावर अन्याय करणारी आहे. आजच्या बीडच्या ताटातील काही गोष्टी मात्र या ग्रंथात असूच शकत नाहीत. मिरची, शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो हे सारे अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या आगमनानंतर भारतात आले, म्हणून सोमेश्वराच्या मुदपाकखान्यात तिखटपणा मिरी आणि आले यांचा होता, आणि ठेचा अजून चारशे वर्षे दूर होता.

मापाच्या दृष्टीने पाहिले तर ‘मानसोल्लास’ हा एका खाणाऱ्याचा ग्रंथ आहे. तांदळाच्या जाती, त्यांचा सुवास, कोणत्या पदार्थामागून कोणता वाढावा, कोणत्या ऋतूत कोणते पाणी प्यावे, हा सगळा विचार राजाच्या जिभेला आणि प्रकृतीला केंद्रस्थानी ठेवून केलेला आहे. त्याच्याबरोबर जेवणारे आप्त आणि मानकरी आहेत, परंतु किती माणसांना किती धान्य लागेल हा प्रश्न ग्रंथकाराला पडत नाही, कारण कोठाराचा हिशेब ठेवणारे दुसरे होते. पानीयभोगात पाण्याचे उगम, ते निवळण्याच्या पद्धती आणि त्याला सुगंधी द्रव्यांनी वासित करण्याच्या कृती येतात. ‘पानक’ म्हणजे फळाचा किंवा आंबटाचा रस, साखर अथवा गूळ, पाणी आणि वेलदोड्यासारखे सुवासिक द्रव्य यांचे गाळलेले मिश्रण. कैरीचे पन्हे हा शब्द आणि पदार्थ दोन्ही त्याच कुळातले आहेत.

पानकाची ही घडण लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण आंबट, गोड, पाणी आणि मसाला या चौकटीत मद्याची भर पडली की जगभर ‘पंच’ नावाने गाजलेले पेय तयार होते. इंग्रजी लेखनात या पेयाचा पहिला ज्ञात उल्लेख १६३२ मधील आहे आणि तो भारतात आलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या वर्तुळातला आहे. १६७० च्या दशकात पश्चिम भारतात राहिलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने हे नाव ‘पाच’ या हिंदुस्थानी शब्दावरून, पाच घटकांमुळे पडल्याचे नोंदविले आहे. या व्युत्पत्तीविषयी भाषाशास्त्रज्ञांत मतभेद असून काहींच्या मते ते नाव पिंपासाठी वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी शब्दावरून आले; तथापि पेयाची मूळ जागा भारतातील वखारी आणि जहाजे हीच होती, याविषयी फारसा वाद नाही. पंच मोठ्या वाडग्यात एकत्र करीत आणि सर्वांनी त्यातून घेत, म्हणजे तो पंगतीचाच एक प्रकार होता.

न्यूयॉर्कमधील जेरी थॉमस या मद्यपेये बनविणाऱ्याने १८६२ मध्ये ‘हाऊ टू मिक्स ड्रिंक्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. ते अमेरिकेत छापलेले या विषयावरचे पहिले मार्गदर्शक पुस्तक मानले जाते. त्याची सुरुवात पंचच्या लांबलचक प्रकरणाने होते, आणि त्यातील कित्येक कृती मोठ्या मेजवानीसाठी आहेत. ‘कॉकटेल’ म्हणजे मद्य, साखर, पाणी आणि कडवट अर्क यांचे एका माणसापुरते मिश्रण, आणि त्याला या पुस्तकात लहानसाच कोपरा मिळालेला आहे. १९३० मध्ये लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातील हॅरी क्रॅडॉक याचे ‘सॅव्हॉय कॉकटेल बुक’ आले तेव्हा चित्र उलटले होते : कॉकटेलांनी पुस्तक भरले होते आणि घटक पेल्याच्या अपूर्णांकांत, म्हणजे अर्धा भाग हे आणि पाव भाग ते, असे सांगितले जात होते. सत्तर वर्षांत वाडग्याची जागा पेल्याने घेतली, आणि त्याबरोबर सर्वांसाठी एक पेय करणारा यजमान मागे पडून प्रत्येकाची आवड विचारणारा यजमान पुढे आला. मराठी घरांसाठी असे मद्यपेयांचे मार्गदर्शक लिहिले गेले नाही यात आश्चर्य नाही. मद्य हा घरच्या पाहुणचाराचा उघड भाग नव्हता, आणि पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मुंबई राज्यात त्याला परवान्याची चौकट घातली. परंतु माप समूहाकडून व्यक्तीकडे सरकण्याची जी प्रक्रिया या परदेशी पुस्तकांत स्पष्ट दिसते, तीच मराठी पाकपुस्तकांत वेगळ्या वाटेने घडली आहे.

इंग्रजी पद्धतीच्या यजमानपणाचे एक ठाणे बीड जिल्ह्यातही होते. निजामाच्या राज्यात अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत, आणि तेथे हैदराबाद कंटिंजंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेच्या घोडदळाची छावणी होती. ही फौज १९०३ मध्ये ब्रिटिशांच्या भारतीय लष्करात विलीन झाली. अशा आडबाजूच्या छावण्यांतील इंग्रज घरे डोळ्यांपुढे ठेवूनच त्या काळी अनेक पुस्तके लिहिली गेली : कर्नल केनी-हर्बर्ट यांचे मद्रासकडील स्वयंपाकावरचे १८७८ चे पुस्तक, आणि फ्लोरा अ‍ॅनी स्टील व ग्रेस गार्डिनर यांचे १८८८ मधील गृहव्यवस्थेवरचे जाडजूड मार्गदर्शक. या सर्वांमागे इझाबेला बीटन यांच्या १८६१ च्या ग्रंथाचा नमुना होता. बीटनबाईंनी वर्षाच्या प्रत्येक महिन्यासाठी सहा, आठ, दहा, बारा आणि अठरा माणसांच्या मेजवान्यांचे बेत आखून दिले, आणि पदार्थाखाली तो किती जणांना पुरतो, किती वेळ लागतो व खर्च किती येतो हे लिहिण्याची शिस्त घातली. पाहुण्यांची संख्या आधी ठरलेली असते, हे या पुस्तकांचे मूळ गृहीतक आहे. ज्या गावाच्या शेजारी ही छावणी होती, तेथे मात्र संख्या ठरलेली नसणे हाच पाहुणचाराचा नियम होता.

मराठी भाषेतील पाकलेखनही आधी राजवाड्यांच्या आश्रयाने वाढले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी रचलेला ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ अन्नाचे गुणदोष आयुर्वेदाच्या अंगाने सांगतो, परंतु पदार्थांची लोकांतली मराठी नावे त्यात जागोजाग येतात. नवहस्तांना तंजावरच्या एकोजी भोसले यांची राणी दीपाबाई हिचा आश्रय होता. त्याच तंजावरात दुसरे सरफोजी यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात, मुदपाकखान्यातील कृती मराठीत लिहिल्या गेल्या, आणि इंग्रज पाहुण्यांची ऊठबस असल्याने इंग्रजी पद्धतीच्या पदार्थांनाही तेथे स्थान मिळाले. छापील मराठी पाकपुस्तकांच्या आरंभी रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे १८७५ मधील ‘सूपशास्त्र’ उभे आहे. ‘सूप’ हा शब्द येथे इंग्रजी नाही. संस्कृतात सूप म्हणजे वरण, आणि वरण शिजविणारा म्हणून आचाऱ्याला ‘सूपकार’ म्हणत. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ आले आणि त्यात शाकाहाराबरोबर पाठारे प्रभू घरांतील मासे व मांस यांच्या कृतीही छापल्या गेल्या. या पिढीच्या पुस्तकांची मापे शेर, पावशेर, तोळे आणि मासे यांत आहेत. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. तेव्हा शेरभर रव्याने सुरू होणारी कृती ही चौघांच्या कुटुंबासाठी नसून एकत्र घरासाठी आणि पंगतीसाठी आहे, हे आजच्या वाचकाने ध्यानात घेतले नाही तर पाकाचे प्रमाण चुकलेच म्हणून समजावे.

कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये किर्लोस्कर प्रकाशनाने काढली, आणि मराठी पाकपुस्तकांचे माप खऱ्या अर्थाने बदलले. दरम्यान १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने शेर-तोळे जाऊन किलो-ग्रॅम आले होते, हातात नवी मापे आणि डोक्यात जुनी अशी गृहिणींची कोंडी झाली होती, आणि नोकरीनिमित्त सासर-माहेरापासून दूर राहणाऱ्या तरुण स्त्रियांना विचारायला घरात वडीलधारे कोणी उरले नव्हते. ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा ही घरातलीच मापे धरली. वरवर साध्या दिसणाऱ्या या निवडीमागे गणिताची एक नेमकी समज आहे : वाटी लहान असो की मोठी, सर्व घटक त्याच वाटीने मोजले तर परस्पर प्रमाण कायम राहते, आणि भात, शिरा किंवा डाळ यांत बिघडते ते प्रमाणच, एकूण वजन नव्हे. वाटीने स्वयंपाकघराला तराजूपासून मुक्त केले. पुस्तकाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या आणि लेखिकेला लाख सुनांची सासू म्हटले गेले, ते यथार्थ आहे. मात्र वाटीबरोबर पाहुण्यांची संख्याही वाटीएवढी झाली. चार-सहा माणसांचे टेबल हे या पुस्तकाचे अदृश्य चित्र आहे, आणि ‘अन्नपूर्णा’सह नंतरच्या बहुतेक पुस्तकांनी तेच गिरविले.

बीड जिल्ह्यातील पाहुणचार याच्या नेमका दुसऱ्या टोकाला आहे. तेथील जुने माप पायलीचे : दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे एक अधोली आणि दोन अधोल्या म्हणजे एक पायली, अशी दुपटीने चढणारी ही शिडी आहे. ही वजनाची नसून आकारमानाची मापे असल्यामुळे पायलीभर ज्वारी आणि पायलीभर पीठ यांचे वजन सारखे भरत नाही, आणि पायलीचा आकारही मुलखागणिक थोडा बदलत असे. परंतु दुपटीच्या शिडीचा उपयोग मोठा आहे : पाहुणे दुप्पट झाले की एक पायरी वर चढायचे, हा हिशेब अक्षरओळख नसलेल्या माणसालाही तोंडपाठ असतो. निजामाच्या राज्यात शाळा आणि कचेरी यांची भाषा उर्दू होती, मुलींच्या शिक्षणाची सोय तुटपुंजी होती, आणि पुण्या-मुंबईत छापलेली पाकपुस्तके ज्या मध्यमवर्गीय गृहिणीसाठी होती ती गृहिणी बीडच्या खेड्यांत १९४८ पूर्वी जवळजवळ नव्हती. त्यामुळे येथील ज्ञान पायलीच्या शिडीवर, हाताच्या अंदाजावर आणि आचाऱ्याच्या तोंडी हिशेबावर टिकले.

या ज्ञानाचा सर्वांत हुशार नमुना म्हणजे येसर, ज्याला काही भागांत येसूर म्हणतात. धान्ये, डाळी आणि धणे-जिऱ्यासारखे मसाले वेगवेगळे खमंग भाजून, एकत्र दळून केलेले हे पीठ मराठवाड्यात वर्षाच्या बेगमीला करून ठेवतात, आणि लग्नाच्या किंवा गावजेवणाच्या वेळी त्याची आमटी करतात. त्यामागचे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. कच्चे पीठ उकळत्या पाण्यात पडले की त्यातील स्टार्च, म्हणजे पिष्टमय पदार्थ, झटकन फुगून बाहेरून चिकट कवच धरतो, आतले पीठ कोरडे राहते आणि गाठी होतात. भाजताना पिठातील ओलावा उडतो आणि स्टार्चच्या लांब साखळ्या काही प्रमाणात तुटून आखूड होतात, त्यामुळे पिठाची दाट करण्याची ताकद थोडी कमी होते, पण ते पाण्यात सहज मिसळते, कच्चा वास येत नाही आणि भाजण्यातून आलेली खमंग चव आमटीला आयती मिळते. ओलावा गेल्यामुळे ते टिकतेही. परिणामी शंभर माणसे वाढली तर डाळ नव्याने शिजविण्याची गरज राहत नाही. पाणी उकळावे, येसर कालवून सोडावे, फोडणी द्यावी, आमटी पुरवठ्याला येते. अनपेक्षित पाहुण्यांचा विचार करून आधीच तयार ठेवलेला पदार्थ म्हणून येसराइतके नेमके उत्तर पाकपुस्तकांत क्वचितच सापडेल, आणि तरीही शहरी पुस्तकांत त्याला कित्येक वर्षे जागा मिळाली नाही ही खेदाची गोष्ट आहे.

मोठ्या प्रमाणावरील स्वयंपाक म्हणजे लहान कृतीला शंभराने गुणणे नव्हे, हे आचारी जाणतात आणि वाटीची पुस्तके सहसा सांगत नाहीत. भांड्याची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली तर त्यात मावणारा जिन्नस आठपट होतो, परंतु वाफ जिथून निघून जाते तो वरचा पृष्ठभाग चौपटच वाढतो. म्हणून घरच्या पातेल्यात एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी लागत असले, तरी मोठ्या काहिलीत त्याच प्रमाणाने पाणी घातले तर भाताचा गिचका होतो. वाफेने जाणारे पाणी तुलनेने कमी असते. उष्णतेचेही तसेच आहे. लहान पातेले चुलीवरून उतरवताच निवू लागते, तर मोठे भांडे आपली ऊब बराच वेळ धरून ठेवते आणि आतला जिन्नस शिजतच राहतो, यासाठी आचारी कणी शिल्लक असतानाच चुलाणातील जाळ ओढून घेतो. बीडमधील मुसलमान समाजाच्या दावतींत डेग वापरतात. हे अरुंद तोंडाचे, फुगीर पोटाचे तांब्याचे कल्हई केलेले भांडे निजामी मुलखाच्या स्वयंपाकाची खूण असून त्याच्या तोंडाच्या लहानपणामुळेच वाफ कोंडून ‘दम’ देता येतो. दावतीचा अंदाजही तेथे किलोपेक्षा डेगांच्या संख्येत सांगितला जातो.

गावजेवणाचा सर्वांत मोठा प्रसंग अखंड हरिनाम सप्ताहाच्या सांगतेचा. काल्याच्या कीर्तनानंतर महाप्रसाद होतो, आणि अनेक गावांत आजही अशी रीत आहे की आमटी मंडपामागच्या चुलाणांवर एकत्र शिजते, तर भाकरी घरोघरून येतात. या वाटणीत मोठा शहाणपणा आहे. आमटी एका काहिलीत शेकडो माणसांची होऊ शकते, परंतु भाकरी एकेक थापावी आणि एकेक भाजावी लागते, कारण ज्वारीत गव्हासारखे चिकट ताण धरणारे प्रथिन नसल्याने तिचे पीठ लाटता येत नाही, गरम पाण्याने मळून लगेच थापावे लागते. जे काम एकत्र केल्याने सोपे होते ते एकत्र, आणि जे वाटल्याने सोपे होते ते शंभर चुलींवर, अशी ही आखणी असून तिच्यात पाहुणा आणि यजमान हा भेदही मावळतो, कारण ज्याने भाकरी पाठविली तोच पंगतीला बसतो.

दारी आलेल्या एकट्या-दुकट्याचा सत्कार याहून साधा आहे. उन्हातून आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी द्यावे ही रीत मराठवाड्यात सर्वत्र होती, आणि पानकाच्या कुळातील हा सर्वांत गरीब पण सर्वांत तत्पर नातलग म्हणता येईल. गुळातील साखर थकलेल्या शरीराला लगेच लागू पडते. बालाघाटच्या डोंगररांगांत पिकणाऱ्या बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेला गुण म्हणून त्या नावाला कायद्याचे संरक्षण लाभले. हे झाडही मूळचे अमेरिका खंडातले, पण डोंगराच्या मुरमाड जमिनीत ते असे रुजले की आता ते परके वाटत नाही. त्याच्या गराची बासुंदी किंवा रबडी करताना एक पथ्य पाळावे लागते, ते असे की गर दुधाबरोबर उकळायचा नाही. तापविल्यावर त्याला कडवटपणा येतो, म्हणून दूध आटवून पूर्ण निवल्यावरच तो घालावा.

बीडच्या पाहुणचाराला एक ऋतूही आहे, आणि तो उसाने ठरविलेला आहे. जिल्ह्यातील लाखो माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. कारखान्याच्या तळावरील कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, पहाटेच्या अंधारात भाकरी थापून बाई फडात जाते आणि दिवसभर मोळ्या वाहून पुन्हा चुलीपुढे बसते. या सहा महिन्यांत गावातील कित्येक घरांना कुलूप असते. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की माणसे परततात, आणि उन्हाळ्याच्या उरलेल्या आठवड्यांत लग्ने, जागरण-गोंधळ आणि कंदुऱ्या दाटीवाटीने उरकल्या जातात. सोमेश्वराने ऋतूप्रमाणे पाणी आणि अन्न सांगितले, बीटनबाईंनी महिन्याप्रमाणे बेत दिले. कोयत्यावर जाणाऱ्या घराचे पंचांग मात्र कोणत्याही पाकपुस्तकात छापलेले नाही.

पंगतीत कोण बसत होते या प्रश्नाला मराठवाड्यातून मिळालेले सर्वांत थेट उत्तर म्हणजे शाहू पाटोळे यांचे २०१५ मधील ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. बीडला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यातील या लेखकाने मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या अन्नाची, त्यातील मांसाच्या प्रकारांची, वाळवून साठविलेल्या चान्यांची आणि येसूराचीही नोंद केली, आणि २०२४ मध्ये भूषण कोरगावकर यांच्या इंग्रजी अनुवादातून ती देशभर पोहोचली. ग्रंथाचे नावच जुन्या वचनाला प्रश्न विचारते : ज्या ब्रह्मात गावाच्या एका भागाला पंगतीबाहेर बसविले जात होते ते पूर्ण कसे? पाककृतींच्या दृष्टीने पाहिले तर या पुस्तकात मापांची काटेकोर कोष्टके फारशी नाहीत, आणि तो त्याचा उणेपणा मानू नये. जेथे काय मिळेल आणि किती मिळेल हे दुसऱ्याच्या हाती होते, तेथे कृतीची सुरुवात ‘चार वाट्या घ्या’ अशी होऊ शकत नव्हती. ‘मानसोल्लास’, ‘सूपशास्त्र’, ‘रुचिरा’ आणि हे पुस्तक एका फळीवर शेजारी ठेवले, तर मराठी पाहुणचाराचा इतिहास प्रथमच बऱ्याच अंशी भरून येतो.

बीडच्या आचाऱ्यांचे स्वतःचे पुस्तक मात्र अजून लिहिले गेलेले नाही. त्याऐवजी त्यांची ‘यादी’ असते. लग्न ठरले की यजमान आचाऱ्याला ताटांचा आकडा सांगतो, आचारी तोंडाने जिन्नस सांगत जातो आणि घरातले शिकलेले मूल ते वहीच्या फाडलेल्या पानावर उतरवून घेते : डाळ इतकी, तेलाचे डबे इतके, गूळ, मीठ, खोबरे, पत्रावळी आणि द्रोण, शेवटी सरपण. त्या एका पानात प्रमाण, ऋतू, गावाची ऐपत आणि न बोलावता येणाऱ्यांसाठी धरलेली वाढीव जागा हे सारे असते, कारण सांगितलेल्या आकड्यात आचारी आपल्या अनुभवाने भर घालतो आणि ती किती घालायची हे कोणाला विचारत नाही. यादी किराणा दुकानात जाते, दुकानदार जिन्नस निघेल तशी एकेक ओळ खोडत जातो, आणि शेवटची ओळ खोडली गेली की ते पान रद्दीत जाते.